रीफ टँकमधली वाळू: निवड कशी करावी आणि कोणत्या क्रमाने बदलावी

रीफ टँकमध्ये, म्हणजे खाऱ्या पाण्यात मासे आणि जिवंत प्रवाळ ठेवलेल्या टाकीत, वाळू बदलल्यानंतर दोन-तीन दिवसांत मासे पाण्याच्या पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, प्रवाळांनी अंग आक्रसून घेतले, अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी एकच गोष्ट केलेली असते. सुट्टीच्या एका दुपारी जुनी वाळू हाताने ढवळत मगाने उपसून काढायची आणि त्याच दुपारी नवी ओतून मोकळे व्हायचे. दोष नव्या वाळूचा क्वचितच असतो; दोष क्रमाचा असतो. जळगाव-भुसावळ-धुळे पट्ट्यात या चुकीला उन्हाळ्याची आणि बोअरच्या पाण्याची जोड मिळते, त्यामुळे इतरत्र निभावून जाणारी घाई इथे अंगाशी येते.

पुढील सर्व हिशेब १२० × ४५ × ६० सेंटीमीटरच्या, खाली संप (पाणी गाळण्याची जोडटाकी) असलेल्या आणि पुरेसा लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेला सच्छिद्र दगड) असलेल्या टाकीचे आहेत. टाकी लहान असेल तर मापे त्या प्रमाणात कमी करावीत, पण टप्प्यांचा क्रम बदलू नये.

टप्पा १: वाळू बदलण्याची खरोखर गरज आहे का, हे ठरवणे

दिवे लागण्यापूर्वी जमिनीवर बसून, हातात टॉर्च घेऊन, काचेला टेकलेला वाळूचा थर चारही बाजूंनी पाहावा. काचेलगत दिसणारी हिरवी किंवा जांभळी रेघ म्हणजे खोलीतल्या उजेडावर वाढलेले शेवाळ असते; ते आतल्या वाळूत पसरलेले नसते आणि त्यासाठी वाळू बदलणे व्यर्थ आहे. वरचा थर तपकिरी दिसत असेल तर दर आठवड्याच्या पाणीबदलात वरची एक सेंटीमीटर वाळू सायफनने हलकी स्वच्छ करणे आणि वाळूत फिरणाऱ्या नॅसेरियस गोगलगाई सोडणे एवढे बहुतेक वेळा पुरते.

बदल करण्याजोगी कारणे मोजकी आहेत. दाणा चुकीचा निवडला गेला असेल आणि वेव्हमेकर (टाकीत प्रवाह निर्माण करणारा पंप) सुरू होताच वाळू उडून प्रवाळांवर बसत असेल. दाणा इतका जाड असेल की उरलेले खाद्य आणि विष्ठा त्यातच कुजत असेल. थराचे सिमेंटसारखे ढेकूळ झाले असेल. किंवा खाद्य कमी करून आणि पाणी बदलूनही फॉस्फेट खाली येत नसेल. शेवटच्या कारणाचा खुलासा करायला हवा. फॉस्फेट हे कॅल्शियम कार्बोनेटच्या दाण्यांना चिकटते, आणि पाण्यातील प्रमाण कमी झाले की तेथून पुन्हा सुटते. त्यामुळे जुनी वाळू कितीही धुतली तरी हा साठा पूर्णपणे जात नाही. जुनी वाळू धुऊन परत वापरण्याचा काटकसरीचा विचार मनातून काढून टाकलेला बरा.

काळे डाग ही वेगळी बाब आहे. तेथे प्राणवायू पोहोचत नाही आणि हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू तयार होतो. जोपर्यंत त्यांना हात लागत नाही तोपर्यंत लहानसहान डाग फारसे त्रास देत नाहीत. मात्र असे डाग पसरलेले असतील तर त्यांच्या जागा कागदावर टिपून ठेवाव्यात, कारण उपसताना सुरुवात तेथूनच करायची आहे.

टप्पा २: दाणा आणि खनिज निवडणे

दुकानात प्रथम नजर जाते ती पांढऱ्याशुभ्र रंगावर. रंगाचा विचार सर्वांत शेवटी करावा, कारण कोणतीही वाळू काही महिन्यांत मळकट होतेच. आधी टाकीत कोण राहणार आहे आणि पाण्याचा प्रवाह किती आहे, हे पाहावे.

रीफ टँकसाठी अरागोनाइट वाळू घ्यावी. ती कॅल्शियम कार्बोनेटची असते. सर्वसाधारण टाकीला १ ते २ मिलिमीटरचा दाणा सोयीचा ठरतो. साखरेहून बारीक दाणा दिसायला सुरेख असतो, परंतु कठीण प्रवाळांसाठी लागणाऱ्या जोरदार प्रवाहात तो एका जागी राहत नाही. कोपऱ्यात ढीग आणि मध्ये उघडी काच असे दृश्य रोज पाहावे लागते. याउलट ३ ते ५ मिलिमीटरचा जाड चुरा घाण धरून ठेवतो. वाळू तोंडात घेऊन चाळणारे गोबी किंवा रात्री वाळूत शिरून झोपणारे रॅस मासे असतील, तर जाड चुऱ्याने त्यांची तोंडे आणि अंग खरचटते. अशा रॅस माशांना बारीक ते मध्यम दाण्याचा सुमारे ५ सेंटीमीटर थर लागतो. पिस्तूल कोळंबी मात्र बिळाला आधार म्हणून थोडे जाड खडे मागते. तिच्यासाठी एका कोपऱ्यात मूठभर मिसळावेत.

अरागोनाइट घातली की पीएच आपोआप सांभाळला जातो, हा समज चुकीचा आहे. टाकीच्या नेहमीच्या पीएचला ती जवळजवळ विरघळतच नाही. अल्कलिनिटी (पाण्यातील मुख्यतः कार्बोनेटचा साठा) आणि कॅल्शियम यांची भर वेगळी घालावीच लागते.

तापी किंवा गिरणेची वाळू चाळून-धुऊन वापरता येईल का, हा प्रश्न आपल्याकडे हमखास विचारला जातो. वापरू नये. काळ्या पाषाणाच्या प्रदेशातून आलेल्या या वाळूत मॅग्नेटाइटचे काळे कण असतात. बांधकामावरच्या ढिगात कागदात गुंडाळलेले चुंबक फिरवल्यास काळी मिशी उगवल्यासारखे कण त्याला चिकटतात. हेच कण काच घासण्याच्या चुंबकी घासणीत अडकून काचेवर कायमचे ओरखडे पाडतात. शिवाय त्यात माती आणि शेतातून वाहून आलेले घटक असतात, ते वेगळेच. कोकणच्या किनाऱ्यावरून वाळू किंवा प्रवाळाचे तुकडे पिशवीत भरून आणणे तर टाळावेच. किनाऱ्यावरची वाळू उचलण्यावर निर्बंध आहेत, आणि कठीण प्रवाळांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण असल्यामुळे मेलेला सांगाडा बाळगणेही अडचणीचे ठरू शकते.

*तपासणी:* नमुन्यावर व्हिनेगरचे थेंब टाकावेत. फसफसले नाही तर ती अरागोनाइट नाही. फसफसले तर ती कॅल्शियम कार्बोनेट आहे एवढेच सिद्ध होते. संगमरवराचा चुराही तसाच फसफसतो. चुऱ्याचे दाणे टोकदार व चकाकणारे असतात, ते चिमटीत चोळून कळतात. त्यानंतर चुंबकाची परीक्षा घ्यावी.

ओली, अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंसह पॅकबंद केलेली लाइव्ह सँड घ्यावी की कोरडी, यावर माझे मत सरळ आहे. मुंबई-पुण्याहून ट्रॅव्हल्सच्या डिकीतून उन्हात प्रवास करून आलेल्या पिशवीत किती जीव शिल्लक आहे, याची खात्री कोणी देऊ शकत नाही, आणि त्यातले मेलेले जीव टाकीत अमोनिया वाढवतात. चालू टाकीत जिवाणूंचा पुरवठा दगडांतून होतोच. कोरडी वाळू स्वस्त पडते आणि मनाजोगती धुता येते.

टप्पा ३: प्रमाण काढणे

लांबी, रुंदी आणि थराची जाडी सेंटीमीटरमध्ये गुणून १००० ने भागावे, लिटर मिळतात. कोरडी अरागोनाइट लिटरला सुमारे दीड किलो भरते. आपल्या टाकीत ३ सेंटीमीटर थरासाठी १६.२ लिटर, म्हणजे साधारण २५ किलो वाळू लागेल. दगडांनी व्यापलेली जागा वजा केली तर त्याहून कमी.

थर २ ते ५ सेंटीमीटर ठेवावा. नायट्रेट कमी करण्यासाठी १० सेंटीमीटरहून जाड थर देणारी पद्धत वेगळी आहे, आणि ती चालू टाकीत मध्येच सुरू करण्यासारखी नाही. ६ ते ९ सेंटीमीटरचा मधला थर सर्वांत वाईट: तो स्वच्छ ठेवण्यास जाड आणि खोल थराचे काम करण्यास पातळ असतो.

टप्पा ४: हंगाम, पाणी आणि वीज

हे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी या काळात करावे. एप्रिल-मे महिन्यांत भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. चिलर असला तरी पंप बंद असलेल्या तासाभरात टाकीचे पाणी तापू लागते. समुद्राच्या पाण्यात २५ अंशांना लिटरमागे सुमारे ६.७ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना सुमारे ६.२. वाळू हलवल्यावर वर येणारी घाण कुजताना नेमका हाच प्राणवायू खाते. मुलांच्या मे महिन्याच्या सुट्टीत वेळ मिळतो म्हणून हे काम काढणे हा सर्वांत वाईट मुहूर्त आहे.

पाणी आरओ-डीआयचेच, म्हणजे आरओनंतर उरलेले क्षार काढणाऱ्या डीआय कार्ट्रिजमधून गेलेले असावे. बोअरचे पाणी जड असते, आणि केळी-कापसाच्या पट्ट्यात विहिरीच्या पाण्यात नायट्रेट सापडणे नवीन नाही. स्वयंपाकघरातला पिण्याचा आरओ येथे पुरेसा नाही, कारण चवीसाठी त्यात थोडे कच्चे पाणी किंवा खनिजे परत मिसळलेली असतात. डीआय कार्ट्रिजनंतर टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दिसले पाहिजे.

जुनी वाळू पुढच्या टप्प्यात चार फेऱ्यांत काढायची आहे. प्रत्येक फेरीसाठी टाकीतील एकूण पाण्याच्या निदान एक-चतुर्थांश नवे खारे पाणी तयार ठेवावे. आपल्या टाकीला ७० ते ८० लिटर पुरते. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम सॉल्ट मिक्स घेऊन ड्रममध्ये छोट्या पंपाने ते एक दिवस फिरवावे. खारेपणा ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग मीठ) आणि तापमान टाकीइतके हवे. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजण्याच्या उपकरणावर) केवळ अंदाजाने विसंबू नये. ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने तो आधी जुळवून घ्यावा. कोरड्या हवेत बाष्पीभवन जोरात होत असल्यामुळे टाकीचा स्वतःचा खारेपणा आपल्या समजुतीपेक्षा जास्त निघणे शक्य असते, म्हणून दोन्ही पाणी त्याच दिवशी मोजावे.

विजेचे पाहिल्याशिवाय हात घालू नये. देखभालीसाठी वीज बंद राहण्याचा वार असेल तो टाळावा आणि बॅटरीवर चालणारा हवेचा पंप चार्ज करून जवळ ठेवावा.

*हाताशी असावे:* गवंडी लेव्हल घेण्यासाठी वापरतात तसली पारदर्शक नळी, शक्यतो १६ मिलिमीटर व्यासाची, चार बादल्या, साबण न लागलेला टब, पीव्हीसी पाइपचा टाकीच्या उंचीपेक्षा थोडा लांब तुकडा आणि त्यावर बसेल असे नरसाळे, प्रवाळांवर पाणी मारण्यासाठी मोठी पिचकारी, ताजी फिल्टर फ्लॉस (गाळण्याचा कापूस), ॲक्टिव्हेटेड कार्बन, अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि अल्कलिनिटीची टेस्ट किट. हातमोजे व डोळ्यांना चष्मा घालावा. झोअँथिड आणि पॅलिथोआ या मऊ प्रवाळांसारख्या जीवांच्या चिकट स्रावात पॅलिटॉक्सिन हे तीव्र विष असू शकते, आणि वाळूवर टेकलेले तुकडे उचलताना ते जखमेत किंवा डोळ्यात जाण्याचा धोका असतो.

टप्पा ५: जुनी वाळू चार फेऱ्यांत काढणे

जुनी आणि नवी वाळू एकाच वेळी टाकीत येऊ देऊ नये. अर्धी काढून तेथे नवी ओतली की उतार ढासळून दोन्ही मिसळतात आणि पुढच्या फेरीत नवीही उपसली जाते. आधी सर्व जुनी वाळू टप्प्याटप्प्याने काढावी, काही दिवस टाकी उघड्या तळाची राहू द्यावी, मग नवी घालावी. तळ उघडा दिसतो म्हणून अनेकांना करमत नाही. त्या अस्वस्थतेपोटीच सगळे एका दिवसात उरकले जाते.

फेरीला टाकीच्या तळाचा एक-चतुर्थांश भाग घ्यावा. दोन फेऱ्यांत ७ ते १० दिवसांचे अंतर ठेवावे. दगड कमी असतील तर जिवाणूंचा मोठा हिस्सा वाळूतच राहत असतो. अशा टाकीत सहा फेऱ्या कराव्यात.

काम दिवसा, दिवे लागून तासभर झाल्यावर करावे, म्हणजे वाळूत झोपणारे मासे बाहेर आलेले असतात. मासे मोजावेत. एखादा कमी भरला तर तो दिसेपर्यंत थांबावे. वाळूवर ठेवलेले प्रवाळ उचलून त्याच टाकीत उंचावर, पण एकदम प्रखर उजेडात जाणार नाहीत अशा जागी ठेवावेत.

नंतर हीटर, रिटर्न पंप (संपमधले पाणी वर टाकीत पाठवणारा) आणि वेव्हमेकर यांचे प्लग काढावेत. हीटर चालू राहून पाण्याबाहेर उघडा पडला तर त्याची काच तडकते. हवेचा पंप मात्र चालू ठेवावा.

प्रथम टाकीच्या वरच्या भागातील दोन बादल्या स्वच्छ पाणी काढून बाजूला ठेवावे. मग नळीचे एक टोक बादलीत सोडून दुसरे थेट वाळूत रोवावे आणि ओढ सुरू होताच अंगठा नळीच्या बादलीकडील तोंडावर ठेवावा. अंगठा सैल केला की वाळू दाण्यादाण्याने नळीतून चढताना दिसते. नळी अगदी रोवून धरली तर ती वाळूने भरून गच्च होते. किंचित वर उचलली की पाणी मिसळून ओढ पुन्हा सुरू होते. ही लय एकदा बसली की कमी पाण्यात जास्त वाळू निघते. काळ्या डागांच्या जागा सर्वांत आधी, नळी थेट त्यावर टेकवून, न ढवळता ओढून घ्याव्यात.

बादलीत आलेले गढूळ पाणी गाळून परत टाकीत घालणे हा हमखास होणारा घात आहे. विरघळलेला अमोनिया आणि फॉस्फेट कोणत्याही कापडातून गाळले जात नाहीत. ते पाणी फेकावे. तयार ठेवलेल्या पाण्याइतके पाणी निघाले की वाळू शिल्लक असली तरी फेरी तेथेच थांबवावी.

दगडांखालची वाळू हात पोहोचेल तेवढीच काढावी. दगड थेट तळाच्या काचेवर टेकलेले असतील तर त्याखालची वाळू सोडून द्यावी. दगड वाळूवरच रचलेले असतील तर खालची वाळू ओढताच रचना कलून काच फुटू शकते. अशा वेळी शेवटच्या फेरीला दगड उचलून तळावर पक्के बसवावेत, आणि त्या दिवशी मदतीला दुसरा माणूस घ्यावा.

*इशारा:* कुजक्या अंड्यासारखा वास आला तर काम बंद करून खिडक्या उघडाव्यात, पंप सुरू करून पाणी जोरात खेळवावे, ताजा कार्बन लावावा आणि उरलेला भाग पुढच्या आठवड्यावर टाकावा.

नवे पाणी भरावे, पंप व हीटर सुरू करावेत, दोन तासांनी फ्लॉस बदलावी.

*तपासणी:* दुसऱ्या आणि चौथ्या दिवशी अमोनिया पाहावा. तो शून्य नसेल तर खाद्य निम्म्यावर आणावे आणि पुढची फेरी लांबवावी. तारीख ठरली आहे म्हणून पुढची फेरी करू नये. आकडा काय सांगतो ते पाहून करावी.

रात्री वाळूत शिरणारे रॅस असतील तर पहिल्या फेरीपासूनच ७-८ सेंटीमीटर खोलीचा, खाद्यपदार्थ ठेवण्याजोगा एक पसरट प्लास्टिकचा डबा धुतलेल्या नव्या वाळूने भरून टाकीत ठेवावा. उघड्या काचेवर आपटून त्यांची तोंडे जखमी होतात.

काढलेली वाळू शेताच्या बांधावर किंवा तुळशीच्या कुंडीत टाकू नये. त्यातील मीठ झाडाला मारते.

टप्पा ६: नवी वाळू धुणे

टबमध्ये एका वेळी चार-पाच किलोच घ्यावी. पाणी सोडून तळापर्यंत हात फिरवावा, दुधाळ पाणी ओतून द्यावे, पुन्हा भरावे. पहिल्या धुण्यांना नळाचे पाणी चालते. ढवळून दहा सेकंद थांबल्यावर टबाच्या तळाशी ठेवलेली स्वतःची बोटे स्पष्ट दिसू लागली की वाळू पुरेशी धुतली गेली असे समजावे; त्यापुढे पूर्ण काचेसारखे पाणी मिळण्याची वाट पाहण्यात हशील नाही. नंतर एक धुणे आरओच्या पाण्याचे द्यावे.

ओली वाळू आपल्या पोटात बरेच गोडे पाणी धरून ठेवते आणि ते टाकीत गेले की खारेपणा उतरतो. म्हणून शेवटचे धुणे खाऱ्या पाण्याचे असावे. पाणीबदलाच्या वेळी टाकीच्या वरून काढलेले स्वच्छ पाणी यासाठी उत्तम. नंतर ते फेकून द्यायचेच असते.

टप्पा ७: नवी वाळू घालणे

शेवटची फेरी होऊन किमान एक आठवडा झालेला असावा आणि अमोनिया शून्य असावा. वाळू दोन हप्त्यांत, आठवड्याच्या अंतराने घालावी.

वाळू आपल्याइतक्या जागेतले पाणी वर सारते. घालण्यापूर्वी टाकीतून सात-आठ लिटर पाणी कमी न केल्यास ते संपमध्ये उतरते आणि वीज गेल्यावर संप ओसंडतो. पंप बंद करून पीव्हीसी पाइपचे टोक तळापासून दोन बोटे वर धरावे आणि नरसाळ्यातून वाळू हळूहळू सोडावी. वरून ओंजळीने टाकलेल्या वाळूचा धुरळा सगळ्या टाकीत फिरतो. थर सारखा करण्यासाठी जुन्या एटीएम कार्डासारखी चपटी प्लास्टिकची पट्टी पुरते.

अर्ध्या तासाने प्रथम रिटर्न पंप सुरू करावा, वेव्हमेकर आणखी दोन-तीन तासांनी, आणि तोही कमी वेगाने. प्रवाळांवर बसलेला धुरळा पिचकारीने उडवावा. पाणी एक-दोन दिवस धूसर राहते. फ्लॉस बदलत राहिल्यास ते निवळते. पाकिटासोबत येणारे पाणी निवळवणारे द्रव वापरण्याची गरज नसते.

टप्पा ८: पुढचे सहा आठवडे

नवी अरागोनाइट पाण्यातील फॉस्फेट आपल्याकडे ओढते आणि तिच्या कोऱ्या पृष्ठभागावर कार्बोनेटचा थरही बसतो, म्हणून अल्कलिनिटी पहिले पंधरा दिवस एक दिवसाआड मोजावी. ती घसरली तर डोस थोडा थोडा वाढवावा. एका दिवसात १ डीकेएचपेक्षा (डीकेएच हे अल्कलिनिटीचे एकक) जास्त उचलू नये.

फॉस्फेट आणि नायट्रेट दोन्ही शून्यावर जाणे ही आनंदाची बातमी नाही. अशा टाकीत डायनोफ्लॅजेलेट्स हे एकपेशीय सूक्ष्मजीव पसरतात: तपकिरी, चिकट तंतू, त्यांत अडकलेले हवेचे बुडबुडे, आणि सकाळी गायब होऊन दुपारपर्यंत परतणारा थर. हे दिसताच पाणीबदल आणि फॉस्फेट काढणारे माध्यम थांबवावे, खाद्य थोडे वाढवावे. फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान राहिले पाहिजे. नव्या वाळूवर येणारी साधी तपकिरी भुकटी म्हणजे डायटम हे सूक्ष्म शेवाळ. ती बोटाने सहज उडते, तिच्यात बुडबुडे नसतात आणि दोन ते चार आठवड्यांत ती आपली आपण जाते. दोन्हींत गल्लत करून घाईने औषध ओतणारे बरेच आहेत.

वाळू चाळणारे गोबी आणि वाळूतले स्टारफिश या काळात नव्याने आणू नयेत. नव्या वाळूत त्यांना खायला सूक्ष्म जीव नसतात, आणि ते उपाशी मरतात. आधीपासून असलेल्या गोबीला बुडणारे खाद्य पाइपमधून थेट तळाशी द्यावे. रॅस माशांसाठी ठेवलेला डबा, ते नव्या वाळूत शिरताना दोन-तीन रात्री दिसल्यानंतरच, आणि दिवसा ते बाहेर पोहत असल्याची खात्री करून काढावा.